मायेचा हिशोब

शिवणीबाहेर कापडाची जी कड सोडतात, तिला शिंपी ‘माया’ म्हणतात. तुकडे जोडून केलेल्या अमेरिकन गोधडीत, म्हणजे ‘क्विल्ट’मध्ये, ही माया पाव इंच असते; आपल्या कारागिरांच्या भाषेत 2 सूत. (1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.)

समजा, 2 इंची 8 चौरस एका ओळीत जोडले. शिवणी झाल्या 7. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांची मिळून अर्धा इंच माया जाते. म्हणून पट्टी 16 − 3½ = 12½ इंच भरते.

आता माया अर्धे सूत जास्त घेतली तर? दर शिवणीला 1 सूत, म्हणजे एकूण 7 सूत कापड कमी! साडेसहा इंची दोनच तुकड्यांची शेजारची पट्टी मात्र 1 सूतच आखडते. मग दोन्ही जुळणार कशा?

कधी कमी, कधी जास्त अशी चूक बरीचशी आपोआप भरून निघते. एकाच बाजूची चूक साचत जाते. मोजमापाच्या प्रत्येक प्रयोगात हे ध्यानात ठेवावे.

करून पाहा : दीड इंच रुंदीच्या 3 पट्ट्या शेजारी शेजारी शिवून इस्त्री करा. मधली पट्टी 1 इंच भरायला हवी. किंचित कमी भरली, तर कापडाच्या दुमडीचाही त्यात वाटा असतो. अशा वेळी शिवण धागाभर कडेकडे घ्यावी.