दोन छिद्रांची चौकट

लुचो फुल्ची यांचा ‘झॉम्बी २’ हा इटालियन भयपट १९७९ सालचा. पहिला ‘झॉम्बी’ त्यांचा नव्हताच. जॉर्ज रोमेरो यांचा अमेरिकी चित्रपट इटलीत त्या नावाने लागला होता, म्हणून निर्मात्यांनी पुढचा आकडा लावून टाकला. असे चित्रपट झटपट गल्ला जमवण्यासाठी निघत. आज मात्र घरी पाहायच्या डिस्कसाठी ‘झॉम्बी २’च्या मूळ निगेटिव्हचे फोर-के स्कॅनिंग झाले आहे.

निगेटिव्हच का? चित्रीकरण टेक्निस्कोप पद्धतीचे. ३५ मिमी फिल्मवर एरवी एका चौकटीला कडेच्या चार छिद्रांइतकी उंची मिळते, इथे दोनच. त्यामुळे फिल्म निम्मी लागते आणि चित्रही रुंद मिळते. पण चौकट लहान असल्याने पडद्यावर फिल्मचे कण ठळक दिसतात. थिएटरच्या प्रतीसाठी ती चौकट ऑप्टिकल यंत्रावर मोठी करावी लागे आणि दर नकलेत बारकावे झिजत. निगेटिव्ह थेट स्कॅन केली की ही झीज टळते.

मग धूळ आणि ओरखडे काढायचे, रंग जुळवायचे. इथे हात आवरता हवा. संगणकावर कणही पुसून टाकले, तर चेहरे मेणाचे दिसतात आणि समुद्रात शार्कशी झोंबी घेणाऱ्या झॉम्बीच्या सडक्या कातडीचा पोतही जातो. ओठ आणि संवाद जुळत नाहीत, तो मात्र बिघाड नव्हे. तेव्हा इटलीत संवाद नंतर डब करत. ती विसंगती तशीच राहू द्यायची.