बॉनेटवरचे सात ठिपके



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दिवाळीचा कार्यक्रम ठरलेला असतो. धनतेरसच्या आसपास गाडीत बॅगा टाकायच्या आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत गाव गाठायचं. आमचं गाव साक्री तालुक्यात. त्यामुळे कोंडाईबारीचा घाट चुकत नाही आणि घाटात खडी भरलेल्या डंपरच्या मागे अडकणंही चुकत नाही.

मागच्या दिवाळीत गावाहून परत आल्यावर मी उधन्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी धूत होते. बॉनेटच्या पुढच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके दिसले. मोजले तर सात! दगड लागून रंगाचे टवके उडाले होते. गाडी पांढरी वॅगन आर, नऊ वर्षांची, पप्पांच्या कमाईची पहिली आणि एकुलती एक.

सातांपैकी पाच ठिपके नवीन होते. दोन त्याआधीच्या दिवाळीचे. तेव्हा आम्ही त्यांच्याकडे बघून "चालशे!" म्हटलं होतं. सुरतेत राहून हा शब्द आपल्याही तोंडात बसला आहे. पण मधल्या पावसाळ्यात त्या दोघांच्या कडेने तपकिरी वर्तुळं उमटली होती आणि एका ठिकाणी रंग फुगून वर आला होता.

एवढ्याशा टवक्याने काय होतं?

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. सगळ्यात खाली पत्रा. त्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि बहुतेक गाड्यांवर शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहून थोडं जास्त. तेवढ्यावर गाडी ऊन-पाऊस झेलते. दगडाने हे थर फोडले की पत्रा उघडा पडतो. हवेतला ओलावा त्याला पुरतो आणि आपल्याकडे तर हजिरा-डुमसकडून खारा वारा येतो. गंज नंतर रंगाच्या खालून सरकत जातो. वरून तांदळाएवढा दिसणारा ठिपका आतून वाटाण्याएवढा झालेला असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे जखम किती खोल आहे ते बघणं. ठिपक्यावर पाण्याचा थेंब टाका. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच आहे आणि पॉलिशने भागेल. करडा रंग दिसला तर तो प्रायमर, म्हणजे पत्रा अजून झाकलेला आहे. चकचकीत धातू किंवा तपकिरी डाग दिसला, तर मात्र "चालशे" म्हणू नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो. तो गंजत नाही, तिथे घाई नाही.

वर्कशॉपमध्ये विचारलं, तर त्यांनी अख्खं बॉनेट रंगवायचा चार आकडी खर्च सांगितला. विम्यातून करावं, तर छोट्या गाडीला पहिले एक हजार रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत जाते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचते. सात ठिपक्यांसाठी ती कोण घालवणार?

पप्पा म्हणाले, "घरीच करू. रंगाचं काम आहे ना? मग मला काय शिकवायचं!"

डाइंग मास्तरचा रंग

हे मात्र खरं होतं. पप्पा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये चौतीस वर्षं डाइंग मास्तर होते. पार्टीने दिलेल्या साडीच्या तुकड्याशी हजारो मीटर कापड जुळवायचं, हे त्यांचं काम. मी लहान असताना ते मला दुकानात बजावायचे, "ट्यूबलाइटखाली रंग पसंत करू नकोस. तुकडा दारात आण." काही रंग एका उजेडात अगदी जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. म्हणूनच मिलमध्ये दिवसाच्या उजेडासारखा दिवा लावलेली पेटी असते आणि शेड तिच्यात बघून पास होते.

पप्पा दुसऱ्याच दिवशी टच-अपची बाटली घेऊन आले. "पांढरा द्या" म्हणाले, चार बाटल्या बघितल्या आणि एक निवडली. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बसून त्यांनी सातही ठिपके भरले. मला खाली बोलावून म्हणाले, "आता शोधून दाखव!" ट्यूबलाइट मिणमिणती होती. मला खरंच काही दिसलं नाही.

रविवारी सकाळी उन्हात गाडी बाहेर काढली, तर पांढऱ्या बॉनेटवर सात क्रीम रंगाचे ठिपके. अगदी दुधावर साय धरावी तसे.

मी हसत हसत पप्पांना बोलावलं. ते वाकून जवळून बघायला लागले. मग लांब जाऊन बघितलं. म्हणाले, "बरोबर तर आहे. एकच शेड आहे."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते चेष्टा करत नव्हते. लिफ्टजवळ उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "भाई, आ तो पीळो लागे छे." पप्पा काही बोलले नाहीत. बाटली उचलली आणि वर निघून गेले.

त्या दिवशी जेवताना आईने एकेक गोष्ट काढली. चार महिन्यांपासून ते निळे आणि काळे मोजे एकत्र जोडून ठेवतात. पेपर वाचायला खिडकीत जातात. आणि मला आठवलं, दिवाळीत घाट उतरताना ते सारखे म्हणत होते, "आजकाल सगळेच अप्पर मारतात, समोरचं काही दिसत नाही." तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. गाडीत आम्ही चौघं, मागच्या सीटवर माझी आजी. मी पुढे बसून मोबाइल बघत होते.

डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, मोतीबिंदू म्हणजे फक्त अंधुक दिसणं. पण वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. मग पांढरा आणि क्रीम, निळा आणि काळा यांतला फरक पुसट होतो. समोरून येणारा दिव्याचा झोत पसरून डोळ्यांवर येतो, म्हणून प्रत्येक गाडी अप्पर मारतेय असं वाटतं. हे सगळं इतकं हळू होतं की ज्याचं होतं त्याला कळत नाही. क्लॉद मोने हे जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकार. त्यांचंही १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधीच्या त्यांच्या चित्रांत लाल-तपकिरी रंग वाढत गेले होते आणि ऑपरेशननंतर सगळं निळं दिसतंय अशी त्यांची तक्रार होती. ज्यांचं आयुष्य रंगात गेलं, त्यांचीही ही गत!

डिसेंबरमध्ये पप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्याभराने ते खाली पार्किंगमध्ये गेले. मी सोबत होते. त्यांनी डावा डोळा हाताने झाकून बॉनेट बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. पुन्हा डावा झाकला.

"हे मी केलं?" एवढंच म्हणाले.

मग पुन्हा एकदा दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघितलं आणि सांगितलं, "या डोळ्याने सात ठिपके दिसतात. त्या डोळ्याने एकही नाही."

पुन्हा पहिल्यापासून

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य संपलं आणि फेब्रुवारीत आम्ही परत कामाला लागलो. सुरतेत या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ चांगला. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक धरते आणि उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रशवरच सुकतो. सकाळी, सावलीत, गाडी थंड असताना करा. आम्ही केलं ते असं:

१. रंगाचा कोड शोधला. "पांढरा द्या" म्हणणं ही आमची पहिली चूक. एकाच कंपनीचे दोन-तीन पांढरे असतात. कोड बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नाही सापडला तर चेसिस नंबरवरून शोरूमवाले सांगतात. आमचा निघाला २६यू, सुपीरियर व्हाइट. त्याच कोडची बाटली घेतली आणि आधी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावून, सुकवून, उन्हात गाडीशेजारी धरून बघितली.

२. जुने क्रीम ठिपके कापसाच्या काडीला थिनर लावून अलगद काढले. कंपनीचा मूळ रंग एवढं सहन करतो. पण गाडी आधी बाहेर रंगवलेली असेल, तर लपलेल्या जागी करून बघा. थिनर पेट घेतो. आसपास सिगारेट, अगरबत्ती काही नको.

३. गाडी शाम्पूने धुऊन वाळवली. मेडिकलमधून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणून ठिपके पुसले. मेण किंवा तेल राहिलं तर नवा रंग धरत नाही.

४. गंजलेले दोन ठिपके ब्लेडच्या टोकाने आणि पॉलिश पेपरच्या छोट्या तुकड्याने चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडले. फुगलेला रंगही काढला. ठिपका मोठा झाला म्हणून जीव हळहळला, पण गंजावर रंग लावणं म्हणजे फोडावर पावडर लावणं. राहिलेल्या बारीक खळग्यांसाठी फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजरोधक लावलं. हातमोजे घालून.

५. पत्रा उघडा होता तिथे आधी प्रायमर. सुकल्यावर रंग. बाटलीतला ब्रश जाड असतो, तो वापरला नाही. टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन ठिपक्याच्या मधोमध टेकवला, तो आपोआप कडेपर्यंत पसरला. एक जाड थर देऊ नका. तीन पातळ थर द्या आणि प्रत्येकाच्या मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. शेवटचा थर आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे, कारण सुकताना तो बसतो.

६. आठवडाभर हात लावला नाही. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या २००० नंबरच्या वॉटर पेपरने फक्त वर आलेला भाग हलक्या हाताने घासला आणि रबिंग कंपाउंडने चमक आणली. इथे जोर लावलात तर शेजारचा चांगला रंगही जाईल. वॅक्स महिन्याभराने.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. घरचं काम शोरूमसारखं दिसत नाही. पांढरा रंग त्यातल्या त्यात सोपा. सिल्व्हर आणि मेटॅलिक अवघड, कारण त्यातले चमकीचे कण ब्रशने वेगळे बसतात आणि ठिपका गडद दिसतो. शेंगदाण्याएवढ्या टवक्यापर्यंत घरी करा. त्याहून मोठं असेल किंवा पत्रा चेपला असेल, तर पेंटरकडेच जा. आपल्याला गंज थांबवायचा असतो, ते काम मात्र पक्कं होतं.

हे सगळं करताना टूथपिक माझ्या हातात होती. पप्पा खुर्ची टाकून बसले होते आणि शेड पास करत होते. गंजलेल्या दोन ठिपक्यांपैकी एकावर त्यांनी बोट ठेवलं. "हा अजून दिसतो."

"चालशे, पप्पा," मी म्हणाले.

"नाही चालत. परत कर." मी परत केला.

होळीला आम्ही गावी गेलो. जाताना पप्पांनी नवापूरपर्यंत गाडी चालवली आणि पुढचा घाट मी. डंपर दिसला की मी अंतर ठेवून मागे राहत होते. परतताना अंधार पडला, तेव्हा पप्पांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. समोरून एक ट्रक आला. "अप्पर मारतोय का हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. डिपरच आहे."

मंडळी, या रविवारी गाडी धुवाल तेव्हा बॉनेटची पुढची कड नीट बघा. आणि घरी साठीच्या पुढचं कोणी अजून गाडी चालवत असेल, तर त्यांनाही खाली बोलवा. पांढऱ्या रुमालाशेजारी क्रीम रुमाल ठेवा, निळ्याशेजारी काळा मोजा ठेवा आणि सहज विचारा, फरक दिसतो का. नाही म्हणाले तर हसू नका, चेष्टाही करू नका. दुसऱ्या दिवशीची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.