गळ टाकण्याआधी पिशवीत काय असावं?

आजचा विषय हलकाफुलका वाटेल: हौसेनं गळ टाकून बसणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय काय असावं. पण शाहूवाडीत बसून तो बोलायचा तर आम्हाला तितका हलका वाटत नाही. एकाच तालुक्यात वारणा, कडवी, कासारी अशा नद्या. कडवी आणि गेळवड्याची धरणं, उशाला चांदोली. जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. सुट्टीच्या दिवशी बंधाऱ्यावर बघा, दोन-चार पोरं काठ्या घेऊन बसलेली दिसतातच. मलकापूरच्या किंवा बांबवड्याच्या बाजारातून गळाचं पाकीट आणि तंगूस आणला, शिसं लावलं, घरून कणकेचा गोळा घेतला की झाली तयारी. मासा लागायला एवढं पुरतं. मासा लागल्यावर जे करावं लागतं, त्याचं सामान मात्र कुणाच्याच पिशवीत नसतं. आज त्याच सामानाबद्दल बोलू.

सुरुवात चिमट्यापासून. लांब नाकाची पक्कड किंवा दवाखान्यात असतो तसला फोर्सेप. माशानं गळ खोल गिळला तर बोटं घालून ओढाओढ होते, कल्ले फाटतात. तो मासा परत पाण्यात सोडला तरी जगत नाही. चिमट्यानं गळाचा वाक धरायचा आणि आत गेला त्याच्या उलट दिशेनं फिरवून काढायचा. फारच खोल असेल तर गळाचा लोभ सोडा, तंगूस तोंडाजवळ कापा आणि मासा जाऊ द्या. तंगूस कापायला साधं नेलकटर पुरतं, दोऱ्यानं गळ्यात अडकवून ठेवायचं. दातानं तंगूस तोडायची सवय अनेकांना आहे, आम्हालाही होती. शिशाचे गोळेही लोक दातानंच दाबतात, ते तर अजिबात नको. शिसं विषारी आहे. इंग्लंडात राजहंस शिशाचे गोळे गिळून मरू लागले, म्हणून 1987 साली बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपण निदान पक्कड तरी वापरू.

त्याच पक्कडीचं दुसरं काम म्हणजे गळाचा उलटा काटा चेपणं. हे सांगितलं की लोक हसतात, मासा निसटेल म्हणतात. तंगूस ताणलेला ठेवला तर फारसा निसटत नाही. आणि तो गळ आपल्याच बोटात घुसला तर बाहेर येतो! आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यात उलट्या काट्याचा गळ बसला होता. रात्रीचे आठ, नदीकाठ, बॅटरी एकाचीही धड नाही. जमलेल्यांनी आपापल्या परीनं ओढून बघितलं आणि गळ आणखी आत गेला. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी जे केलं ते बघून आम्ही गप्प झालो. त्यांनी गळाच्या वाकाभोवती मजबूत दोऱ्याचा फास घातला, गळाचं नेढं एका बोटानं कातडीवर घट्ट दाबून धरलं, म्हणजे उलटा काटा मांसातून सुटतो, आणि दोरा कातडीला समांतर झटक्यानं ओढला. एका क्षणात गळ बाहेर. ही पद्धत जगभर मच्छीमार वापरतात. पण गळ डोळ्याजवळ, चेहऱ्यावर, सांध्यात किंवा शिरेजवळ असेल तर हात लावायचा नाही, आहे तसा झाकून दवाखाना गाठायचा. आणि कुठेही लागला तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचंच.

आता जाळी. आपल्याकडे मासा काठावर आपटत ओढायची रीत. खायचा असेल तर ठीक. पण सोडायचा असेल तर हातजाळी हवी, तीही रबरी किंवा गाठी नसलेली. गाठीच्या नायलॉनी जाळीत खवलं निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. तो थर म्हणजे माशाचं रोगांपासूनचं संरक्षण. म्हणून मासा धरण्याआधी हात ओले करायचे. आणि फोटो पटकन. कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी 1992 साली दमेपर्यंत पळवलेल्या ट्राउट माशांवर प्रयोग केला. हवेत न धरलेल्यांपैकी 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे, आकडे आपल्या माशांना जसेच्या तसे लागणार नाहीत. पण मोबाईल शोधत मासा हातात धरून उभं राहणाऱ्यानं ते लक्षात ठेवावेत.

सोडायचा कोणता, असंही विचारतात. चिलापी सोडू नका. तो बाहेरून आलेला मासा, आपल्या माशांच्या जागेवर बसलाय; सरळ तव्यावर टाका. महाशीर मात्र सोडा. कृष्णा खोऱ्यातल्या या माशाचं वर्णन साईक्सनं 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून केलं, त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. तो सावकाश वाढतो, आणि मोठी मादी म्हणजे पुढच्या कितीतरी वर्षांची अंडी. पहिल्या पावसात चढणीला लागलेला मासाही अंड्यानं भरलेला असतो. त्या दिवसांत काठी घरी ठेवलेली बरी.

काठीचा विषय निघाला तर आम्हाला सगळ्यात काळजीचं वाटतं ते सांगतो. पूर्वी काठी बांबूची होती. आता पोरं कार्बनच्या लांब काठ्या घेतात, हलक्या म्हणून. कार्बन वीजवाहक आहे. आपल्या नदीकाठाला ओळीनं मोटारी, आणि त्यांच्यासाठी खांबावरून आलेल्या तारा. काठी मागे घेऊन जोरात फेकताना नजर पाण्यावर असते, वर कोण बघतं? उच्च दाबाच्या तारेला काठी प्रत्यक्ष टेकावीही लागत नाही, जवळ गेली तरी वीज उडी मारते. ओला बांबूही भरवशाचा नाही. ब्रिटनमध्ये हौशी मच्छीमारांना तारांपासून 30 मीटर लांब बसायला सांगतात. आपल्या काठावर इतकी जागा नेहमी मिळणार नाही, तर मग ती जागाच सोडायची. तारांखालून चालताना काठी सोडवून, आडवी धरून न्यायची.

बंधाऱ्याचंही तसंच. बरगे घातलेले असताना खालच्या अंगाला पाणी शांत दिसतं, पण सांडणारं पाणी पायथ्याशी गोल फिरतं आणि माणसाला परत आत ओढतं. गळ बरग्यात अडकला की लोक सोडवायला खाली उतरतात. पाच रुपयांच्या गळासाठी! तंगूस कापा. पावसाळ्यात चांदोलीसारखं 34.40 टीएमसीचं धरण पाणी सोडायला लागलं की वारणेचा काठ बघता बघता बुडतो. म्हणून पाण्याजवळ दगडावर एक खूण करून ठेवायची आणि अधूनमधून बघायची. फुगवायचं किंवा फोमचं लाइफ जॅकेट घेतलं तर उत्तमच.

बाकी सामान थोडक्यात. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण दोन्ही हात मोकळे लागतात, आणि काठावरच्या गवतात घोणस असते. त्याच कारणासाठी घोट्यावरचे बूट. गळाला धार लावायला बारीक कानस. पोलराइज्ड चष्मा असला तर पाण्यावरची चकाकी मरते, खालचा दगड दिसतो, आणि उडालेला गळ डोळ्यात जात नाही. गाठ आवळण्याआधी तंगूस थुंकीनं ओला करा. कोरडा आवळला की घासून तापतो आणि नेमका तिथंच तुटतो. यात खर्च काहीच नाही.

आणि एक रिकामी पिशवी, तुटलेल्या तंगूसासाठी. नायलॉन कुजत नाही. बगळ्याच्या पायात गुंडाळलेला तंगूस आम्ही सोडवलाय. त्या पायाला रक्त पोचत नव्हतं.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले. पहिला, परवानगी लागते का? तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला असतो. मासे त्यांनी सोडलेले, पोट त्यांचं. आधी त्यांना विचारायचं, मगच गळ. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर प्रश्नच येत नाही, तिथं गळ टाकायचा नाही. जिलेटिन किंवा विष टाकून मासे मारणं 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, हेही कुणी दिसलं तर सांगा.

दुसरा प्रश्न एका मुलाचा होता: पैसे थोडे असतील तर आधी काय घ्यायचं? आधी पक्कड घे. नवीन काठीचं पुढच्या वर्षी बघू.