दिवाळीपासून उलटे मोजलेले आठवडे

विक्रीच्या बिलातली एक ओळ वाचायला सोपी असते. तारीख, डीलर, गाव, जिल्हा, सेल्समनचा कोड, माल, पॅक, नग, भाव, सूट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मसाला कंपनीच्या अशा ओळींपासून तक्ते आणि डॅशबोर्ड बनवणं हे माझं काम. कांदा-लसूण मसाल्याच्या दोन पेट्या मिरजेच्या डीलरकडे गेल्या, एवढंच एक ओळ सांगते. पण ओळी लाखांत गेल्या की प्रत्येक रकाना ही विक्रीकडे बघण्याची वेगळी दिशा होते. राज्यातले 36 जिल्हे, मालाचे 40 पॅक आणि दोन वर्षांचे 24 महिने धरले तर 34,560 चौकोन होतात. त्यात सेल्समन अजून आलेला नाही, सूट आलेली नाही. पडदा मात्र आडवा आणि उभा, दोनच दिशांचा.

या रचनेला आमच्या कामात क्यूब म्हणतात. एडगर कॉड यांनी 1993 मध्ये अशा विश्लेषणाला ओलॅप हे नाव रूढ केलं आणि त्याच सुमारास एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत पिव्होट टेबल आलं. आज तालुक्याच्या गावातला हिशेबनीसही पिव्होट फिरवतो. क्यूब फिरवणं आता अवघड उरलेलं नाही. त्याची कोणती बाजू लोकांसमोर धरायची, हे ठरवायला वेळ लागतो, आणि मला त्यातच खरी जबाबदारी दिसते. कारण डॅशबोर्डवर एखादा चौकोन लाल झाला की थोड्या वेळात त्या जिल्ह्यातल्या कुणाचा तरी फोन वाजतो.

त्याआधी सफाई. टॅलीतून बाहेर काढलेल्या यादीत एकच डीलर तीन स्पेलिंगांनी बसलेला असतो. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि पुढे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. बिलिंग करणाऱ्यांनी नावं आपापल्या सवडीने बदलली. जुनं आणि नवं नाव एका कोडखाली आणलं नाही, तर तक्त्यात एका जिल्ह्याचा धंदा बसलेला दिसतो आणि दुसरा शून्यातून उसळी घेताना दिसतो. स्कीमचा मालही असाच फसवतो. दहा पेट्यांवर एक फ्री असली की त्या अकराव्या पेटीचं वजन मोजलं जातं, रुपये शून्य. मग किलोमागचा भाव उतरलेला दिसतो आणि कुणीतरी विचारतं की सूट कोणी दिली. दिवाळीत न खपलेली चकली भाजणी डिसेंबरात परत येते, तेव्हा काही गावांची त्या मालाची विक्री चक्क उणे होते. ती रक्कम मूळ बिलाच्या महिन्यात वळती करायची की परत आली त्या महिन्यात ठेवायची, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. मी दोन्ही ठेवते, पण वेगवेगळ्या तक्त्यांत.

मालकांची आणि मॅनेजरांची पहिली मागणी बहुधा 'सगळं एका नजरेत' अशी असते. त्यातून छत्तीस फोडींचा पाय चार्ट जन्माला येतो, नाहीतर उभे ठोकळे एकमेकांमागे दडलेला त्रिमिती आलेख. विल्यम प्लेफेअरने 1801 मध्ये पाय चार्ट छापला, तेव्हा त्याच्या फोडी मोजक्याच होत्या. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 मध्ये लोकांना आलेखांवरून आकडे ओळखायला लावले. एकाच पट्टीवरची जागा डोळा सर्वांत अचूक ओळखतो, लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ आणखी खाली, आणि रंगाची गडद-फिकट छटा तळाशी. म्हणून जिथे आकडा महत्त्वाचा, तिथे मी साधे आडवे पट्टे वापरते, मोठ्यापासून लहानाकडे लावून. आणि जिथे एका चित्रात खूप कोंबायचा मोह होतो, तिथे एकाच मापाचे छोटे छोटे आलेख शेजारी मांडते, प्रत्येक जिल्ह्याला एक. छत्तीस छोट्या रेघांतून वेगळी वागणारी रेघ शोधायला डोळ्याला फार वेळ लागत नाही.

नकाशा सगळ्यांना आवडतो, मला कमी. अहिल्यानगर जिल्हा 17 हजार चौरस किलोमीटरहून मोठा, गडचिरोली 14 हजारांहून मोठा आणि मुंबई शहर जिल्हा नकाशावर शोधावा लागतो. 2011 च्या जनगणनेत मात्र मुंबई शहराची लोकसंख्या गडचिरोलीच्या जवळजवळ तिप्पट होती. रंगवलेल्या नकाशात नजर जमिनीवर जाते आणि मसाला विकत घेणारी माणसं सुटतात.

रंगांच्या चौकोनांचा तक्ता, म्हणजे हीटमॅप, आमच्याकडे सर्वांत जास्त पाहिला जातो. उभ्या बाजूला जिल्हे, आडव्या बाजूला महिने, चौकोनाचा रंग म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना. आकड्यांच्या दृष्टीने यात काही चूक नाही, आणि तरीही हा तक्ता मराठी घरातल्या खरेदीबद्दल खोटं बोलतो. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ते 12 नोव्हेंबरवर गेलं. चिवडा मसाला आणि चकली भाजणी डीलरकडे सणाच्या साधारण पाच ते दोन आठवडे आधी जाते. म्हणजे 2022 मध्ये हा माल सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुटायला लागला आणि 2023 मध्ये ऑक्टोबरात. सप्टेंबरशी सप्टेंबर ताडून पाहिला की जवळजवळ सगळा महाराष्ट्र लाल. नांदेडच्या सेल्स ऑफिसरला त्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच असतं, की सण पुढे गेलाय. हे त्याला बैठकीत पटवून द्यावं लागतं, ही मला तक्त्याची त्रुटी वाटते. पंचांग भिंतीवर होतंच, फक्त ते आडव्या अक्षावर नव्हतं.

म्हणून आडव्या अक्षावरून महिने काढून तिथे आठवडे ठेवले, लक्ष्मीपूजनापासून उलटे मोजलेले. उणे सहा, उणे पाच, उणे चार, शून्यापर्यंत. प्रत्येक वर्षाचा शून्य वेगळ्या तारखेवर, पण तक्त्यात एकाखाली एक. महिन्यांच्या तक्त्यात इकडेतिकडे सरकणारे गडद पट्टे सरळ रांगेत आले आणि तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतला खरा फरक वर आला. विदर्भातले डीलर माल लवकर उचलतात, कारण आमच्या गोदामापासून अंतर मोठं आणि शेवटच्या आठवड्यात ट्रक मिळण्याची खात्री नसते. पुण्यातले डीलर अगदी उणे दोनपर्यंत थांबतात. आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या ओळी या रांगेत बसेचनात. चाकरमानी गणपतीला गावी येतात, घरं भरतात, तेव्हा तिथली खरी उचल. त्या दोन जिल्ह्यांसाठी शून्य गणेश चतुर्थीला ठेवला, आणि तीही 2022 मध्ये 31 ऑगस्टला, तर 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती. आता डॅशबोर्डवर एक बटण आहे, सण निवडायचं. माझ्या मते त्यावरच्या सगळ्या फिल्टरांत तेच सर्वांत मोलाचं.

यातही एक मेख उरते. हे आकडे कंपनीकडून डीलरकडे गेलेल्या मालाचे, म्हणजे प्रायमरी विक्रीचे. डीलरकडून दुकानात किती गेला, ती सेकंडरी विक्री, वेगळी नोंदवावी लागते आणि ती उशिरा येते. टार्गेटसाठी महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत डीलरच्या गोदामात माल उतरवला की प्रायमरीचा चौकोन हिरवा होतो आणि दुकानातला मसाला जागचा हलत नाही. म्हणून दोन्ही रेघा मी एकाच आलेखात, एकाच पट्टीवर ठेवते. त्यांच्यातलं अंतर महिन्यामागून महिना वाढत गेलं तर हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नये, असं मी बैठकीत उघडपणे सांगते. काहींना ते रुचत नाही.

2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आलं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे पुन्हा अठरा दिवस पुढे. भाजणीची उचल सप्टेंबरातून ऑक्टोबरात सरकणार, आणि महिन्यांचा जुना तक्ता सप्टेंबरअखेर पुन्हा लाल होणार. तो तक्ता अजून वापरात आहे, कारण बँकेला आणि हिशेबाला महिनेच लागतात. त्याच्या शेजारी सणाचा तक्ता उघडलेला असावा आणि सप्टेंबरचं टार्गेट त्यावरून ठरावं, यासाठी मी सेल्स मॅनेजरांकडे आतापासून पाठपुरावा करते आहे.