चूक काढण्यापूर्वी

बेळगाव भागात दवाखाना चालवताना रोज अनेक तऱ्हांची मराठी कानांवर पडते. 'मी जात आहे' याला आपल्याकडे 'जाऊलालोय' म्हणतात. तसेच येऊलालोय, करूलालोय. म्हणजे या बोलीलाही स्वतःचा नियम आहेच.

एकदा एक आजी नातवासोबत आल्या. "डाक्टर, छातीत दाबूलालंय," असे त्या म्हणाल्या, तोच नातू म्हणाला, "आजी, 'दाबल्यासारखं होतंय' म्हण." आजी ओशाळल्या. पुढे प्रत्येक प्रश्नाला "काय नाही, बरं हाय" एवढेच. नातवाला औषधाच्या खिडकीकडे पाठवले, तेव्हा कळले की चार दिवस जिना चढताना दम लागतो, डावा हात भरून येतो. त्याच दिवशी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. नातू प्रेमळच होता. पण त्याने शब्द सुधारला आणि लक्षण हरवले.

आमच्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांनी 'ऑर्गेनॉन'च्या ८४व्या सूत्रात सांगितले आहे की, रुग्णाला मध्येच अडवू नये आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. भगवान महावीरांचा उपदेशही लोकांना कळणाऱ्या अर्धमागधीतच झाला, असे आम्ही जैन मानतो.

दुरुस्ती कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. चिठ्ठीत 'शीर'ऐवजी 'शिर' लिहिले, तर दुखणे नसेतून डोक्यात जाते. तिथे विचारलेच पाहिजे. छापायच्या मजकुराला मुद्रितशोधक हवाच. पण 'पहा' लिहिणाऱ्याला 'पाहा' म्हणून खडसावणाऱ्यांनी साहित्य महामंडळाचे नियम पुन्हा वाचावेत. आज्ञार्थात तिथे दोन्ही रूपे चालतात. आणि 'पानी' मागणाऱ्याला काय हवे आहे, हे कोणाला कळत नाही?

आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुले शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात. घरात तीनदा चूक काढली की चौथ्यांदा ती इंग्रजीतच उत्तर देतात. मग शुद्ध-अशुद्ध ठरवायला मराठी उरतेच कुठे?

म्हणून एक साधा उपाय सांगतो. नातू "माझी दूध सांडली" म्हणाला, तर आधी दूध पुसा. मग सहज म्हणा, "हो रे, सगळं दूध सांडलं की!" योग्य रूप त्याच्या कानावर पडेल आणि त्याचे बोलणेही चालू राहील.