चाकातली घरघर ऐकू आली की थांबा : गंजलेली हब बेअरिंग कशी ओळखायची, कशी बदलायची



जाळं एका जागी फाटलं तरी आपण रात्री बसून शिवतो. होडीत पाणी झिरपलं तर दुसऱ्या दिवशी उतरवत नाही. पण ज्या गाडीत कटला-रोहूच्या पेट्या घालून बाजार गाठायचा, तिचं चाक मात्र अडकेपर्यंत कुणी बघत नाही.

मागच्या पावसाळ्यात आम्हालाच दणका बसला. हुलसूरहून भालकीकडं जाणाऱ्या पिकअपच्या पुढच्या चाकातून आठ-दहा दिवस घरघर येत होती. "टायरचा आवाज असेल" म्हणून सोडून दिलं. एका सकाळी वाटेतच चाक जाम झालं. माल दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत ऊन वर आलं, बर्फ वितळला, भाव पडला. चालकाशेजारी शाळेला निघालेली दोन पोरं बसली होती. पैशावर भागलं, हे नशीबच. म्हणून ही पोस्ट.

आपल्याच गाड्यांना हा त्रास जास्त का?

बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या किंवा रोलर ग्रीसमध्ये फिरतात. बाहेर रबरी सील असतं. आपली गाडी माल घ्यायला थेट तळ्याच्या काठापर्यंत, कधी पाण्यात उतरते. लांबून आलेला हब गरम असतो. तो गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरट होतं, पोलादावर गंजाचे खड्डे पडतात आणि तिथून घरघर सुरू होते. वरून पेट्यांतलं बर्फाचं पाणी ठिबकतंच. कोकणात खाऱ्या पाण्यामुळं हे आणखी लवकर होतं.

ओळखायचं कसं?

१. वेग वाढला की घरघर वाढते, गिअर काढून गाडी नुसती पळू दिली तरी राहते. गाडी उजवीकडं वळताना आवाज वाढला तर बहुतेक डावी बेअरिंग, डावीकडं वळताना वाढला तर उजवी. कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

२. गाडी जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट वाजलं तर ढिलाई आहे. मग हातानं फिरवा. खरखर लागली तर आत गंज किंवा खड्डे आहेत.

३. प्रवासानंतर दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात न्या, चिकटवू नका. एकच बाजू जास्त तापली असेल तर बेअरिंग बघा, ब्रेक चिकटलाय का तेही बघा.

बदलताना

आदल्या संध्याकाळी गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी निम्मी ताकद वाचते.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा. मधला मोठा ॲक्सल नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅक आणि खाली लोखंडी स्टँड. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका.

चाक काढा. ब्रेकचं कॅलिपर काढून तारेनं वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आजच्या बऱ्याच मोटारींत बेअरिंग आणि हब एकत्र, बोल्टवर बसवलेला असतो. गंजानं तो धरून बसला तर बोल्ट थोडे सैल करून आलटून पालटून ठोका, एकाच बाजूनं घणाचे घाव घालू नका. निघाल्यावर बैठकीचा गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं साफ करा. तिथं गंज राहिला तर नवीन हब तिरका बसतो.

काही गाड्यांत बेअरिंग दाबून बसवलेली असते. तिला प्रेस मशीनच लागते. बाहेरच्या घेरात बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर, हब आत दाबताना आधार आतल्या कड्याला. उलटं केलं की जोर गोळ्यांवर जातो आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी मार खाते. हातोड्यानं ठोकून बसवणाऱ्याला आधीच थांबवा.

जुन्या धाटणीच्या मालगाड्यांत निमुळत्या रोलरची जोडी असते. अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन ह्या बग्ग्या बनवणाऱ्या माणसानं १८९८ साली ह्या रचनेचं पेटंट घेतलं. बग्गी वळताना चाकावर बाजूनं पडणारा भार पेलायला ती केली होती. हिच्यात बाहेरची वाटी आणि आतले रोलर दोन्ही नवेच घाला. हबमधलं जुनं ग्रीस पूर्ण पुसा, नवं ग्रीस रोलरांच्या फटीत हातानं दाबून भरा, सील आणि पिन नवी घाला. चाक फिरवत नट आवळा, मग किंचित मागे घ्या. फार घट्ट केलं तर बेअरिंग जळते, फार सैल ठेवलं तर चाक डुलतं. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं.

सीलबंद हबवाल्या गाडीला ॲक्सल नट नवाच वापरा आणि पुस्तकातल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळा. नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर देऊ नका. एबीएस असेल तर बेअरिंगची चुंबकी बाजू सेन्सरकडंच यायला हवी. पन्नासेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

टाळता कसं येईल?

काठावर पोचल्यावर हब गार होऊ द्या, चहा पिऊन होईपर्यंत थांबा, मग पाण्याजवळ उतरा. पाण्यात चाक गेलंच तर निमुळत्या बेअरिंगचं ग्रीस लवकर उघडून बघा. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस भरता येत नाही, तिथं आवाज हीच सूचना. पेट्यांखालचं पाणी नळीनं मागं काढा, चाकावर पडू देऊ नका. सुटा भाग बिलासकट घ्या, नकली माल बाजारात भरपूर आहे.

हात बसलेला नसेल तर मिस्त्रीकडं द्या, पण शेजारी उभं राहून बघा. ज्या गाडीत आपली लेकरं बसतात, तिच्या चाकाचा आवाज ऐकणं हे चालकाचं एकट्याचं काम नाही. घरात कुणालाही घरघर ऐकू आली तर त्यांनी बोलावं, आणि बाकीच्यांनी ऐकावं.