कान वारंवार फुटतो, त्यात आईचा काय दोष?

मागच्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर एक आजी दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन माझ्याजवळ आल्या. "ताई, ह्याचा कान बघा की. पाच महिन्यांत चौथ्यांदा फुटलाय. सुनेला किती सांगितलं, अंघोळ घालताना कानात पाणी जाऊ देऊ नको, पण ऐकेल तर शप्पथ!" सून मागेच उभी होती, मान खाली घालून. आमच्या वस्तीत अशा सुना मी खूप पाहिल्यात. पोराचा कान वाहिला की बोल आईलाच. हिने पाणी घातलं, हिने आंबट खाल्लं, हिच्या दुधातच दम नाही. आणि आई बोलणी खाण्यात गुंतली की खरं कारण तसंच राहतं.

आधी पाण्याचं बघू. कानाचा पडदा शाबूत असेल तर अंघोळीचं पाणी पडद्याच्या बाहेरच अडतं. पू होतो तो पडद्याच्या आत, मधल्या कानात. तिथे रोगजंतू बाहेरून येत नाहीत, नाकाकडून येतात. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, तिला कंठकर्ण नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते, बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की नळी सुजते, आतलं पाणी अडकतं, त्यात जंतू वाढतात आणि पू होतो. पू दाबाने पडदा फोडून बाहेर येतो. रात्रभर किंचाळणारं पोर त्यानंतर एकदम शांत झोपतं आणि घरात म्हणतात, बरं झालं, वाहून गेलं. दुखणं थांबलं हे खरं, पण आजार गेला असं नाही.

आता प्रश्न असा की नळी तर सगळ्याच बाळांची आखूड असते. मग एकाच्याच कानाला हे का? सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान झाला तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, आणि अशा मुलांत प्रतिकारशक्तीचा मोठा भाग असतो.

बाळ पोटात असताना आईच्या रक्तातून त्याला प्रतिपिंडं मिळतात. प्रतिपिंड म्हणजे ओळखीच्या जंतूला जाऊन चिकटणारं, त्याला पकडून देणारं प्रथिन. आईकडून आलेली ही शिदोरी सहा महिन्यांच्या आसपास संपत येते. बाळाचं स्वतःचं सैन्य तोवर शिकाऊच असतं. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं या वयात कान सगळ्यात जास्त होतात.

त्यातून कानाचे जंतू चलाख. न्यूमोकोकस नावाच्या जंतूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या शरीराला नुसती साखर पाहून हा शत्रू आहे हे नीट उमगत नाही. शिवाय या जंतूचे नव्वदहून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून शरीर शिकलं तरी दुसरा नवीनच असतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे डॉ. मायकेल पिचिचेरो आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या वयापासून बाळांवर लक्ष ठेवून बरीच वर्षं याचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की काही मुलांचं शरीर कान झाल्यावरही त्या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं बनवत नाही, आणि आठवण ठेवणाऱ्या पेशीही कमी तयार होतात. म्हणजे लढाई होते, पण धडा पाठ होत नाही. वय दीड वर्षाचं, पण प्रतिसाद नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा. यातल्या काही मुलांत नेहमीच्या लसींनंतरही प्रतिपिंडं कमी आढळली. वय वाढतं तशी ही उणीव बहुतेकांत भरून येते. म्हणजे हे पोर मुळातच कमजोर आहे असं नव्हे, त्याच्या शरीराला शिकायला थोडा जास्त वेळ लागतोय. त्यासाठी बाजारातल्या ताकदीच्या पावडरी आणि टॉनिकं घेऊन पैसे घालवू नका. त्या पैशांत अंडी येतात.

लस मात्र चुकवू नका. न्यूमोकोकल लसीत, म्हणजे पीसीव्हीमध्ये, कवचाची ती साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन दिसलं की शरीरातल्या मदतनीस पेशी जाग्या होतात आणि मग दीड महिन्याचं बाळसुद्धा ती साखर ओळखायला शिकतं. ही लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस, एकही पैसा न देता. कार्ड काढून बघा, नवव्या महिन्याचा डोस राहून गेलेली मुलं मला नेहमी सापडतात. ही लस सगळे कान थांबवत नाही, कारण जंतू अनेक आहेत. पण न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासूनही ती वाचवते.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हीही लसच समजा. त्यात नाका-घशात पहारा देणारी प्रतिपिंडं असतात. बाटलीने पाजत असाल तर आडवं झोपवून पाजू नका, दूध नळीकडे चढतं.

आणि धूर. नाकात आणि त्या नळीत बारीक केसांसारख्या लव असतात, त्या शेंबूड आणि जंतू बाहेर ढकलतात. धुराने त्या लुळ्या पडतात. विडी, चूल, डासांची कॉइल, आणि जिच्याबद्दल आपण बोलतच नाही ती मिश्री. दहा बाय दहाच्या खोलीत तव्यावर तंबाखू भाजली की तो धूर सगळ्यात आधी पाळण्यातल्या बाळाच्या नाकात जातो.

कान वाहत असेल तर गरम तेल, लसणाचं तेल, आईचं दूध, काहीही कानात घालायचं नाही. पडदा फुटलेला असताना ते सरळ आत जातं. या काळात अंघोळीचं पाणीही टाळायचं, इथे आजींचं म्हणणं बरोबर आहे! धुतलेल्या सुती कापडाची पीळ करून कानात अलगद धरा, भिजली की काढा, नवी घाला, कान कोरडा होईपर्यंत. दिवसातून तीनदा. पीळ आत ठेवून द्यायची नाही. थेंब आणि औषध डॉक्टरांनी कान तपासून दिलेलंच, आणि सांगितले तितके दिवस पुरं. शेजारणीच्या पोराची उरलेली बाटली नको.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं, मान ताठ झाली, झटका आला किंवा पोर सुस्त पडलं तर वाट न बघता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत राहिला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कानासोबत न्यूमोनियाही पुन्हापुन्हा होत असेल, वजन वाढत नसेल, तर प्रतिकारशक्तीची तपासणी करावी का, हे विचारा. तसा जन्मजात आजार क्वचित असतो, पण असतो.

सगळ्यात जास्त काळजी मला ऐकण्याची वाटते. पू गेला तरी पडद्यामागे पाणी कित्येक आठवडे साचून राहू शकतं. कानात बोट घालून कुणाचं बोलणं ऐकून बघा, पोराला तसं ऐकू येतं. ते उशिरा बोलायला लागतं, हाक मारली तर वळत नाही, टीव्हीला चिकटून बसतं. पुढे शाळेत मागच्या बाकावर बसलं की बाई म्हणतात लक्ष नाही, मग म्हणतात ढ आहे. ज्या शिक्षणासाठी बाबासाहेबांनी जिवाचं रान केलं, ते आपल्या लेकराच्या कानापर्यंत पोचतच नाही आणि शिक्का बसतो बुद्धीवर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. कान वाहणं आणि कमी ऐकू येणं दोन्ही त्यांच्या यादीत आहे, पुढचे उपचारही मोफत. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

त्या दीड वर्षाच्या बाळाचा नवव्या महिन्याचा डोस झालेला होता, सुनेने कार्ड जपून ठेवलं होतं. धुराबद्दल विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा वर बघून हळूच म्हणाली, "मिश्री भाजतात सकाळ-संध्याकाळ." आजी काही बोलल्या नाहीत. आता भाजायला बाहेर ओट्यावर जातात असं कळलं. सोडा म्हणून माझं सांगणं चालूच आहे. बाळाचा कान कोरडा झालाय, ऐकण्याची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.